एआयमुळे बायकांची कोणती कामं जातील, आणि का

गेल्या दिवाळीत माझी मावसबहीण फराळाला आली होती. ठाण्यात आरोग्य विम्याचे क्लेम तपासणाऱ्या एका कंपनीत ती १२ वर्षं आहे. चकलीचा तुकडा हातात तसाच धरून तिने एकदम विचारलं, "ताई, खरं सांग. आमच्या नोकऱ्या जाणार का गं?" मी भाषांतराची कामं करते, एआयबद्दल वाचत असते, म्हणून तिला वाटलं मला ठाऊक असेल. मी "बघू गं, एवढं काही होत नाही" म्हणून विषय बदलला. तिने धीर करून विचारलं होतं आणि मी तिला वाटेला लावलं, हे नंतर बरेच दिवस मनाला लागून राहिलं. तेव्हा तिला जे नीट बसून सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

सुरुवात तिच्या टेबलापासूनच करू. सकाळी साडेनऊला ती लॉगिन करते तेव्हा समोर क्लेमची रांग लागलेली असते. एकेका क्लेममध्ये हॉस्पिटलचं बिल, डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या पावत्या असा गठ्ठा असतो. बरेच कागद तिरके स्कॅन केलेले, कुठे शिक्क्याची शाई आकड्यांवर पसरलेली. ती आधी पेशंटचं नाव, वय, दाखल झाल्याची आणि सुट्टीची तारीख, आजार हे सगळं सिस्टिममध्ये भरते. मग आजाराला कोड लावते. आजारांची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिला आयसीडी म्हणतात. डेंग्यूपासून मोतीबिंदूपर्यंत प्रत्येकाला तिच्यात ठरावीक कोड आहे. त्यानंतर पॉलिसीत काय बसतं, खोलीभाड्याची मर्यादा किती, कोणता खर्च वगळायचा ते बघायचं. काही खटकलं तर हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला फोन करायचा. आणि क्लेम कापला किंवा नाकारला गेला, तर घरच्या माणसांचे फोन घ्यायचे. ती माणसं रडलेली असतात, चिडलेली असतात, कधी नुसतीच गप्प असतात.

तिच्या पगारपत्रकावर ही एक नोकरी आहे. प्रत्यक्षात ती पाच-सहा वेगवेगळ्या कामांची जुडी आहे, आणि एआय आणि नोकऱ्या हा विषय कळायला ही एक गोष्ट मनात पक्की बसवावी लागते. यंत्र अख्खी जुडी उचलत नाही. ते एकेक काडी ओढतं. कागद वाचून रकाने भरणं ही तिच्या ऑफिसात गेल्या वर्षीच ओढली गेलेली काडी. आता स्कॅन केलेला गठ्ठा टाकला की सॉफ्टवेअर स्वतः रकाने भरतं, कोडही सुचवतं, आणि तिने फक्त तपासायचं असतं. तपासायचंच आहे म्हणून दिवसाचं टार्गेट जवळजवळ दुप्पट झालं.

काड्या ओढता ओढता जुडी अर्धी झाली की मालक हिशोब करतो. चार जणींच्या उरलेल्या कामांची मिळून एक जुडी बांधता येते, मग चार खुर्च्या कशाला? नोकरी जाते ती या टप्प्यावर. म्हणून बऱ्याचदा एखादी मोठी कपात दिसतही नाही. कुणी बाळंतपणाच्या रजेवर जाते, कुणी नवऱ्याच्या बदलीमुळे सोडते, आणि तिची जागा भरली जात नाही. मावसबहिणीच्या मजल्यावर दर जूनमध्ये फ्रेशर मुलींची एक बॅच यायची. या जूनमध्ये आली नाही. त्याबद्दल कुणी काही बोललंही नाही.

आता एआय म्हणजे यातलं नेमकं काय, ते थोडक्यात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आलं आणि त्यानंतर ज्याची चर्चा होते ते लिहिणारं-वाचणारं-बोलणारं एआय आहे. त्याला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. अमुक शब्दानंतर तमुक शब्द येण्याची शक्यता किती, याचा ते त्यातून अंदाज बांधायला शिकतं. एवढ्या एका कसबावर ते पत्र लिहितं, सारांश काढतं, फॉर्ममधली माहिती उचलतं, भाषांतर करतं, कस्टमरशी बोलतं. त्याला अर्थ कळतो का, यावर जाणकारांत वाद आहेत, आपण त्यात शिरायला नको. आपल्यापुरता मुद्दा असा की आजवरची बहुतेक यंत्रं अंगमेहनतीच्या कामावर आली होती, आणि हे यंत्र टेबलावरच्या कामावर आलं आहे. कागद, शब्द, तक्ते, फोन. आणि या टेबलांवर बायका जास्त बसलेल्या आहेत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने याचा जगभरचा अंदाज काढला आहे. २०२३ च्या अभ्यासात त्यांनी नोकऱ्या सुट्या करून त्यांतली एकेक कामं तपासली. सगळ्यांत वर आली कारकुनी कामं: त्यांपैकी २४ टक्के कामांना एआयची जोरदार झळ बसू शकते आणि आणखी ५८ टक्के कामांना मध्यम. दुसऱ्या कुठल्याच व्यवसायगटात जोरदार झळ बसणाऱ्या कामांचा वाटा याच्या आसपासही नव्हता. मे २०२५ मध्ये त्यांनी पोलंडमधल्या एका संशोधन संस्थेबरोबर हाच अभ्यास सुधारून केला. त्यात दिसलं की जगातल्या दर चार नोकऱ्यांपैकी एकीला काही ना काही झळ आहे. सर्वांत वरच्या, म्हणजे जिथे जवळजवळ सगळीच कामं यंत्राला देता येतील अशा गटात जगभरातल्या नोकरदार बायकांपैकी ४.७ टक्के आहेत, पुरुषांपैकी २.४ टक्के. श्रीमंत देशांत ही दरी आणखी रुंद होते: बायका ९.६ टक्के, पुरुष ३.५ टक्के.

हे आकडे वाचताना घाबरू नका, आणि हलक्यातही घेऊ नका. झळ बसणं म्हणजे नोकरी जाणं नव्हे. यंत्राला काम देता येणं वेगळं आणि मालकाने ते खरंच देणं वेगळं. मध्ये खर्च येतो, वीज-इंटरनेट येतं, कायदा येतो, चुकलं तर जबाबदार कोण हा प्रश्न येतो. पण झळ कुठे बसणार याचा नकाशा मात्र स्पष्ट आहे, आणि त्या नकाशावर बायकांच्या बाजूला रंग गडद आहे.

बायका त्या टेबलांवर का आल्या, हे मराठी घरांना वेगळं सांगायला नको. दहावी-बारावी झाली की मुलीला टायपिंगच्या क्लासला घालायचं, तीसची परीक्षा, मग चाळीसची. २००१ नंतर त्यात एमएससीआयटीची भर पडली. "पंख्याखालची नोकरी आहे, सहाला सुटते, स्टेशनपासून जवळ आहे" एवढ्यावर घरचे तयार व्हायचे. माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांच्या हातात पहिला पगार आला तो डेटा एंट्री, रिसेप्शन, बिलिंग, बॅक ऑफिस, नाहीतर कॉल सेंटर या दारांतून. इंजिनिअर नसलेल्या, इंग्रजी जेमतेम असलेल्या, बारक्या गावातून आलेल्या मुलीला घराबाहेर पाऊल टाकायला ती पायरी होती. तिथून कुणी टीम लीडर झाली, कुणी नोकरी करत करत पदवी घेतली, कुणी नुसतं स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडलं. मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती या पहिल्या पायरीची.

कारण झळ लागायला सुरुवात तिथूनच झालेली दिसते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लाखो लोकांच्या पगाराच्या नोंदी तपासल्या. एआयची झळ सर्वांत जास्त असलेल्या व्यवसायांमध्ये २२ ते २५ वयाच्या नोकरदारांचं प्रमाण २०२२ च्या अखेरीपासून तुलनेने १३ टक्क्यांनी घटलं होतं. त्याच व्यवसायांतले वयाने मोठे, अनुभवी लोक मात्र टिकून होते. तो अभ्यास तिकडचा आहे आणि त्यात बाई-पुरुष असा भेदही मुख्य नाही, पण कारण ओळखीचं वाटतं. नव्या माणसाला आपण आधी सोपं, ठरावीक काम देतो. ते करता करता तो अवघड काम शिकतो. सोपं काम यंत्राकडे गेलं तर शिकायची जागाच नाहीशी होते. माझ्या मावसबहिणीला आज चुकीचा कोड एका नजरेत दिसतो, कारण पहिली तीन वर्षं तिने फक्त रकाने भरले.

यंत्रामुळे बायकांच्या हातचं काम जाण्याची ही पहिली खेप नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत रीळ आणि कांड्या भरण्याच्या खात्यांत बायका होत्या. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांमध्ये साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. पुढे या खात्यांत वेगवान यंत्रं आली. त्याच सुमारास बायकांना रात्रपाळीची बंदी होती, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूतीच्या लाभाचा कायदा झाला. कायदा चांगलाच होता, पण मालकांनी त्यावरून बाई महाग पडते असा हिशोब केला. यंत्र आणि हिशोब दोन्ही एका बाजूला झाले, आणि पुढच्या काही दशकांत गिरणीतल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. गिरणगावातल्या बायकांचं राबणं काही थांबलं नाही. त्या घरात खाणावळ घालून गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात त्यांना एकत्र आणलं, तोवर त्यांचं काम कुणाच्या हजेरीपटावर नव्हतं, फंड नव्हता, सुट्टी नव्हती. एवढ्यासाठीच "एक काम गेलं तर दुसरं मिळतं" हे वाक्य मला पुरत नाही. दुसरं काम मिळतं, हे खरं आहे. ते कसलं मिळतं, हेही विचारावं लागतं.

या प्रश्नाचं मोजून काढलेलं उत्तर अमेरिकेतल्या टेलिफोन ऑपरेटरांच्या गोष्टीत आहे. पूर्वी फोन लावायचा म्हणजे आधी एक ऑपरेटर बाई लागायची, ती बोर्डावर वायर जोडून द्यायची. हजारो तरुण मुलींची ती पहिली नोकरी होती. १९२० ते १९४० या काळात तिथल्या निम्म्याहून अधिक फोनजाळ्यात डायल करून आपोआप फोन लागू लागला. जेम्स फायगेनबाउम आणि डॅनियल ग्रॉस या दोन अर्थतज्ज्ञांनी जुन्या जनगणनेच्या नोंदींतून या बायकांचा माग काढला. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. त्यानंतर नोकरीच्या वयाला पोचलेल्या मुलींच्या नोकऱ्यांचं एकूण प्रमाण घटलं नाही, त्यांना सेक्रेटरीची किंवा हॉटेलातली कामं मिळाली. पण ज्या आधीपासून बोर्डावर बसलेल्या होत्या, त्या दहा वर्षांनी एकतर नोकरीच्या बाहेर होत्या किंवा कमी पगाराच्या कामात. समाजाचा हिशोब जमला, त्या ठरावीक बायकांचा नाही. माझ्या मावसबहिणीचं वय ३८ आहे, आणि तिने विचारलेला प्रश्न समाजाबद्दलचा नव्हता.

आता माझ्या स्वतःच्या कामाबद्दल. पूर्वी इंग्रजी मजकूर यायचा आणि मी मराठी करायचे. आता यंत्राने केलेलं मराठी येतं आणि मी "तपासते". शब्दामागचा दर त्यामुळे निम्म्याच्या खाली आला. गरोदर बायकांसाठीच्या एका माहितीपत्रकात मला वाक्य सापडलं: "तुमच्या शेवटच्या कालावधीची तारीख लिहा." पीरियड या शब्दाचं यंत्राने कालावधी केलं होतं. पाळी हा शब्द प्रत्येक बाईला ठाऊक आहे, पण तो घरातल्या, दवाखान्यातल्या बोलण्यात जास्त आणि छापील मजकुरात कमी असतो, आणि यंत्र छापील मजकुरावर वाढलेलं आहे. ते पत्रक तसंच छापलं गेलं असतं तर एखाद्या पाड्यावरची बाई त्या ओळीपाशी अडली असती आणि आशाताईंना विचारायलाही लाजली असती. ती ओळ दुरुस्त करायला मला पाच सेकंद लागली. ती चूक आहे हे कळायला मात्र बाई म्हणून जगलेली वर्षं लागली, आणि त्यांचा दर कुणी लावत नाही.

असंच मावसबहिणीकडे. मध्यंतरी सॉफ्टवेअरने एका बाईचा क्लेम "नाव जुळत नाही" म्हणून बाजूला टाकला. पॉलिसीवर सासरचं आडनाव, आधारवर माहेरचं, आणि हॉस्पिटलच्या कागदावर नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईच्या कागदांत हा घोळ नेहमीचाच असतो. मावसबहिणीने तो ओळखला, जन्मतारीख आणि पत्ता ताडून पाहिला, एक फोन केला आणि क्लेम पुढे सरकला. यंत्र ज्या माहितीवर शिकतं, तिच्यात नाव आयुष्यभर एकच राहतं असं गृहीत धरलेलं असेल, तर शिक्षा कुणाला होणार हे उघड आहे.

यंत्राला शिकवलेल्या माहितीत जे असतं ते पुढे निकालात उतरतं, याची दोन उदाहरणं जगभर गाजली. ॲमेझॉनने २०१४ पासून नोकरीचे अर्ज निवडणारं एक सॉफ्टवेअर बनवायला घेतलं होतं. त्याला आधीच्या दहा वर्षांचे अर्ज दाखवले, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. ज्या अर्जात "महिलांचा" असा शब्द यायचा, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ क्लबची कॅप्टन, त्याचे गुण ते सॉफ्टवेअर कापू लागलं. तसं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला आणि २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली. त्याच वर्षी जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायकांनी, चेहरा पाहून स्त्री की पुरुष ते ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक ०.८ टक्क्यांपर्यंत होती, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. नोकरीचा अर्ज पहिल्यांदा यंत्र चाळणार असेल, तर त्याने कशावरून चाळलं ते विचारायचा हक्क अर्ज करणाऱ्या मुलीला असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

इथवर सगळं टेबलाबद्दल झालं. आपल्या देशातल्या बहुतेक बायका टेबलावर नाहीतच. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातल्या काम करणाऱ्या बायकांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक शेतीत आहेत. भात लावणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचं काम चॅटजीपीटी काढून घेऊ शकत नाही. म्हणून काही जण म्हणतात की भारतातल्या बायका सुरक्षित आहेत. मला हे म्हणणं पटत नाही. ज्या कामात मजुरी कमी आणि कंबर जास्त मोडते तेच काम वाचलं, यात समाधान मानायचं कशाचं? शिवाय काम शाबूत राहूनही यंत्र डोक्यावर येऊन बसू शकतं, आणि याचा अनुभव महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांइतका कुणाला नसेल.

पोषण ट्रॅकर हे ॲप २०२१ मध्ये आलं. मुलांचं वजन, उंची, हजेरी, वाटलेला आहार हे सगळं त्यात भरायचं. ॲप इंग्रजीत, आणि सरकारने दिलेले मोबाइल जुने, मेमरी अपुरी, गरम होऊन बंद पडणारे, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या गळ्यात. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या हजारो सेविकांनी ते मोबाइल परत केले. मोबाइल वापसी म्हणून ते आंदोलन गाजलं. त्यांची मागणी यंत्र नको अशी नव्हती. चालणारा फोन द्या आणि मराठीत द्या, एवढंच त्या म्हणत होत्या. पुढे १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा शिधा देताना लाभार्थीचा चेहरा ॲपवर जुळवणं सक्तीचं झालं. चेहरा ओळखणं हे एआयचंच काम. गावात रेंज नसेल, चेहरा जुळला नाही, तर दारात उभ्या असलेल्या आईला तोंड सेविकेने द्यायचं. तिला पगार नाही, मानधन आहे. त्या मानधनात आता यंत्राच्या चुका निस्तरण्याचं कामही आलं, आणि ते कुठल्याच रकान्यात मोजलं जात नाही. एआयमुळे नोकऱ्या किती जातील हे मोजणाऱ्या अहवालांत अशा बाईचं नाव "सुरक्षित" या सदरात पडतं.

नवी कामं तयार होतात तीही बघायला हवीत. यंत्राला शिकवायला माणसं लागतात: फोटोतल्या वस्तूंवर खुणा करणारी, वाक्यं वाचून आवाज देणारी, उत्तरं तपासणारी. हे काम घरून, मोबाइलवर करता येतं, म्हणून बायकांकडे येतं. बेंगळुरूची कार्या ही ना-नफा संस्था कर्नाटकातल्या खेड्यांतल्या लोकांकडून त्यांच्या भाषेतली वाक्यं वाचून घेते आणि तासाला सुमारे ५ डॉलर देते. तिथे चांगला मोबदला देता येतो हे त्यांनी दाखवलं, एवढं त्यांचं श्रेय मोठं आहे. पण हे काम आज आहे, उद्या पुरेसा आवाज गोळा झाला की नाही. त्यावर घराचा हप्ता भरता येत नाही. आणि आवाज एकदा दिला की तो कुठे कुठे वापरला जाईल? खुद्द आशा भोसले यांना आपल्या आवाजाच्या एआय नकलांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. मालिकांचं, जाहिरातींचं मराठी डबिंग करणाऱ्या मुलींकडे ना ते नाव आहे, ना वकील. त्यांच्या करारात एक ओळ असते की रेकॉर्डिंगचे सर्व हक्क कंपनीचे. ती ओळ सही करण्याआधी वाचा, एवढं तरी मी त्यांना सांगेन.

"बायकांनी एआय शिकावं" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. शिकावंच. अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसतं की बायका ही साधनं पुरुषांपेक्षा कमी वापरतात, अगदी सारख्याच नोकरीत असल्या तरी. पण कधी शिकायचं, हेही त्या सल्ल्यात सांगायला हवं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. जे पुरुष ही कामं करतात त्यांची ८८ मिनिटं. म्हणजे तीन तासांहून जास्त फरक, रोज. त्यात हातातला फोनही सगळ्यांचा सारखा नाही: २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३.३ टक्के होत्या, पुरुष ५७.१ टक्के. आज दोन्ही आकडे वाढले असणार. पण घरातला चांगला फोन रात्री कुणाच्या हातात असतो, ते आपापल्या घरात पाहावं.

कायद्यात काय आहे? चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांपैकी औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे: कामगाराला कपातीत काढलं तर मालकाने त्याच्या १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम त्या निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. ही भरपाईच्या वरची रक्कम आहे. कारकुनी काम करणारी बाई या कायद्याच्या व्याख्येत कामगार म्हणून बसते. पण मुदतीच्या करारावर असलेल्या बाईची मुदत संपली आणि करार पुढे वाढवला नाही, तर त्याला कपात म्हणतच नाहीत. आणि बॅक ऑफिसमधल्या कितीतरी मुली नेमक्या अशाच करारावर आहेत. हे आधी माहीत असलेलं बरं.

दिवाळीनंतर मी मावसबहिणीला फोन केला आणि हे सगळं सांगितलं, थोडं थोडं करून, दोन-तीन रविवार. एका वहीत तिला तिची सगळी कामं वेगवेगळी लिहायला लावली. यंत्र कुठे चुकतं त्याच्या नोंदी ठेवायला सांगितल्या, तारखेसह. महिन्याभरात तिच्याकडे सदुसष्ट चुका जमल्या: आडनावांच्या, औषधांच्या नावांच्या, मराठीत लिहिलेल्या पावत्यांच्या. ती वही घेऊन ती टीम लीडरकडे गेली आणि तिने तीन प्रश्न विचारले. चूक निसटली तर जबाबदार कोण? टार्गेट ठरवताना तपासायला लागणारा वेळ धरला आहे का? आणि या सॉफ्टवेअरच्या चुका पकडणारी जी नवी टीम होते आहे, तिच्यात क्लेमवाल्या जुन्या बायकांना घेणार की बाहेरून मुलं आणणार?

पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळालं नाही. तिसऱ्याला मिळालं. प्रशिक्षणाच्या यादीत तिचं नाव आहे. वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा ते आठ. मुलाची शिकवणी साडेसहाला सुटते, सासूबाईंचे गुडघे दुखतात, नवरा लोकलने नऊला घरी येतो. काल रात्री तिचा मेसेज आला की ती आज जेवताना घरात विषय काढणार आहे.